उघड्यावरचा पडदा

चित्रपटगृह म्हटले की त्याला भिंती हव्यात, छप्पर हवे, असा आपला समज असतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, कॅम्डेन शहराजवळ, रिचर्ड हॉलिंग्जहेड यांनी ६ जून १९३३ रोजी या दोहोंवाचून चित्रपटगृह सुरू केले. मोकळ्या मैदानात उंच पडदा, त्यासमोर मोटारींच्या रांगा आणि प्रत्येक मोटारीत एकेक कुटुंब. ‘ड्राइव्ह-इन’ या नावाने ही कल्पना तेथील लहानलहान गावांतून रुजली. पुढे मुंबईत वांद्र्यालाही असे एक चित्रपटगृह झाले.

मराठवाड्यात ती रुजणे कठीण होते. आमचे रेणापूरच घ्या. रेणुकादेवीच्या दर्शनास येणारा भाविक बैलगाडीने, एस.टी.ने अथवा पायी येणारा. त्याच्यापाशी मोटार कोठून असणार? तथापि उघड्यावरचा पडदा अशा माणसांना पारखा राहिला नाही. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तो जत्राजत्रांतून फिरणाऱ्या तंबूच्या रूपाने आला. लोक त्यास टुरिंग टॉकीज म्हणत.

तंबूचे कापड, बांबू, प्रोजेक्टर, जनरेटर आणि फिल्मचे डबे, असा सारा संसार मालमोटारीतून हिंडे. दिवसा कर्ण्यावरून पुकारा होई. कापडातून उजेड झिरपत असल्यामुळे खेळ मात्र अंधार पडल्यावरच सुरू होई. प्रेक्षक भुईवर बसत. बहुधा स्त्रिया एका बाजूस, पुरुष दुसऱ्या बाजूस. प्रोजेक्टर एकच असला म्हणजे रीळ बदलेपर्यंत सर्वांना थांबावे लागे.

चित्रपटाचा हा इतिहास आपणां ख्रिस्ती जनांस परका नाही. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत प्रभू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि आपल्या देवदेवतांच्या कथाही पडद्यावर याव्यात, ही ओढ त्यांना लागली. त्या ओढीतून निर्माण झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. ख्रिस्तचरित्राने एका हिंदू कलावंतास स्वतःच्या परंपरेकडे नव्या दृष्टीने पाहावयास लावले, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

पुढे दूरदर्शन, व्हिडिओ कॅसेट आणि अखेरीस मोबाइल आले. फिल्मच्या रिळांचा जमाना सरला व फिरते तंबू विरळ झाले. या लोपत चाललेल्या जगावरील ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाचा २०१६ साली कान महोत्सवात गौरव झाला.

तंबूत सारेच काही गोमटे होते, असे आम्ही म्हणणार नाही. धूळ होती, गोंगाट होता, सर्वच चित्रपट सात्त्विक नव्हते. परंतु तेथे शेतकरी, मजूर आणि दुकानदार एकाच वेळी हसत आणि एकाच वेळी डोळे पुसत. ड्राइव्ह-इनमध्ये पडदा सर्वांचा असला तरी प्रत्येक कुटुंब आपापल्या काचेआड राही. आज घराघरांत तर प्रत्येकाचा पडदाच वेगळा झाला आहे.

यासंबंधी एक हकीगत चिंतनीय आहे. रॉबर्ट शूलर या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांनी १९५५ साली कॅलिफोर्नियातील एका ड्राइव्ह-इनमध्ये रविवारची उपासना सुरू केली. उपाहारगृहाच्या छपरावर उभे राहून ते उपदेश करीत. लोक मोटारीत बसून ऐकत. याच कार्यातून १९८० मध्ये गार्डन ग्रोव्ह येथे काचेचे भव्य प्रार्थनामंदिर उभे राहिले. पुढे ऑरेंजच्या कॅथॉलिक धर्मप्रांताने ते विकत घेतले आणि २०१९ साली ख्रिस्त कॅथेड्रल म्हणून त्याचे समर्पण झाले. मोटारींच्या रांगांपासून आरंभलेल्या त्या वाटेच्या शेवटी आज एका वेदीभोवती माणसे एकत्र बसतात.

२०२० च्या महामारीत आपली मंदिरे बंद झाली, तेव्हा पडद्यावरील मिस्साने अनेकांस आधार दिला. आजारी आणि वृद्ध यांना तो आजही मिळावा. परंतु धडधाकट कुटुंबेही रविवारी घरीच मोबाइलसमोर बसू लागली, तर ती उपासना पाहतील. शेजारच्या बाकावरील विधवेची विचारपूस कोण करील? ख्रिस्तप्रसाद पडद्यातून हाती येत नाही, आणि शांतीची खूण करावयास समोर माणूसच लागतो.

एका कापडाखाली बसण्यासाठी आपले वाडवडील कोसभर चालत जात. वेदीसमोर येण्यास तेवढे चालणे आपणांस जड वाटू नये, एवढीच आमची धर्मग्रामातील कुटुंबांस कळकळीची विनंती आहे.