लाल कळ

वडील २०१६ साली निवर्तले. पुढील वर्षी ठाण्याचे घर आवरावयास गेलो तेव्हा भांडीकुंडी, कपाटे, पलंग सारे नातलगांत वाटून दिले व आम्ही केवळ त्यांचा संगणक न्यू जर्सीस आणला. म्हणजे मॉनिटर नव्हे. तो लोखंडी पेटारा, ज्यास आपल्याकडे सरसकट 'सीपीयू' म्हणतात. जुन्या चादरींत गुंडाळून तो बॅगेत बसविला. वजन जुळविण्याकरिता आमच्या पत्नीस कोकम व पापड मागे ठेवावे लागले. ही गोष्ट आम्हांस अद्याप ऐकविली जाते.

एवढा अट्टाहास का, ते सांगणे प्राप्त आहे. निवृत्तीनंतर वडील त्या यंत्रावर मराठीत लिहू लागले होते आणि लिहिलेले आम्हांस ई-मेलने धाडीत. इकडे ते उघडले की अक्षरांऐवजी इंग्रजी वर्णांची व चिन्हांची नुसती भेळ दिसे. त्या काळच्या मराठी टंकांचे तसेच होते. प्रत्येक कंपनीची अक्षरमांडणी निराळी. ज्या यंत्रात तो टंक असेल तेथेच ते मराठी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, परंतु वडिलांनी २००३ साली ज्या दुकानातून संगणक घेतला तेथे जुनाच टंक घालून मिळाला व त्यांच्या बोटांना तोच वळणी पडला. आम्ही त्यांना हे सांगावयास हवे होते. दूरध्वनीवर ते विचारीत, "वाचलेस का?" आम्ही म्हणत असू, "वाचले, बाबा. छान झाले आहे." एकदा असे बोलून गेल्यावर पुढे खरे सांगणे कठीण होत गेले.

तर घरी आल्यावर येथील वीजतार लावली, मॉनिटर जोडला आणि बटण दाबले. आतील पंखा एकदा थरथरला व थांबला. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. दुकानात नेला, तर तेथील गृहस्थांनी झाकणही न उघडता "बोर्ड गेला" असे सांगितले. आमचा भाचा म्हणाला, "मामा, भंगारात टाका. याच्या किमतीत दोन नवे येतील." त्याचे म्हणणे हिशेबास धरून होते. तथापि आम्ही तो तळघरात ठेविला, आणि तेथे तो दोन हिवाळे पडून राहिला.

तिसऱ्या हिवाळ्यात धूळ पुसताना मागल्या बाजूस, वीजतारेच्या खोबणीशेजारी, नखाएवढी लाल सरकती कळ दिसली. तिच्यावर २३० असा आकडा होता. भारतात घरची वीज २३० व्होल्टची, येथे १२०. आम्ही तार बदलली, परंतु यंत्र मनाने ठाण्यातच होते! कळ २३० वर असता १२० ची वीज दिली, तर आतील वीजपुरवठ्याच्या पेटीस हवा त्याच्या जेमतेम निम्मा दाब मिळतो. ती उठू पाहते व बसते. याउलट ११५ वर असलेले यंत्र भारतात जोडले, तर मात्र पेटीतील कपॅसिटर फुटून धूर निघावयाचा. आपल्यापैकी कोणी जुना संगणक इकडून तिकडे नेणार असेल, तर तार खोबणीत घालण्याआधी ही कळ पाहावी. नव्या पेट्यांना बहुधा ती नसते. त्या दाब स्वतःच ओळखतात.

तार काढून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने कळ ११५ वर सरकविली. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. पडदा मात्र काळा, व आतून लांब शिट्ट्या येऊ लागल्या. भाच्यास फोन केला. या वेळी तो हसला नाही. म्हणाला, "मेमरीची पट्टी सैल झाली असेल. काढून तिची सोनेरी किनार खोडरबराने पुसा." तार पुन्हा काढली, धातूच्या पेटाऱ्यास हात लावून अंगातील स्थितिक वीज उतरविली, मुलीच्या दप्तरातील खोडरबराने ती किनार पुसली व पट्टी दोन्ही टोकांस 'खट्' होईपर्यंत दाबून बसविली. शिट्ट्या थांबल्या.

मग पडद्यावर तक्रार उमटली की, तारीख व वेळ ठाऊक नाही. संगणक बंद असताही घड्याळ चालावे म्हणून बोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो. घरगुती यंत्रांत ही सोय आयबीएमच्या १९८४ च्या एटी संगणकापासून रूढ झाली. आमचा सेल सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, ३ व्होल्टचा. कोपऱ्यावरील औषधांच्या दुकानात तो मिळाला. तारीख भरली, वेळ भरताना ठाण्याची की येथील, असा क्षणभर प्रश्न पडला.

विंडोज एक्सपीचे हिरवे माळरान उगवले. वडिलांच्या फाइली ओळीने होत्या. ज्यांना आम्ही 'छान' म्हटले होते, त्यांतील पहिलीच उघडली. ती आमच्या कुळाची वंशावळ होती. कोकणातील आडनावाच्या गावापासून सात पिढ्या. आमच्या नावाखाली टिंबे, आणि शेजारी कंसात सूचना: मुलांची नावे तुला कशी लिहिलेली हवीत ते कळव, म्हणजे भरतो.

वडिलांचा कीबोर्ड आम्ही आणला नव्हता. अक्षरे कोणत्या कळेवर आहेत हे एकेक दाबून पाहावे लागले. दोन नावे भरावयास पाऊण तास गेला.