हा आंकडा कोणत्या सालचा ?

माझ्या टेबलाच्या खणांत टिपणांची एक जुनी वही आहे. तिचीं पानें पिवळीं पडलीं आहेत, कोपरे दुमडले आहेत. पण तींतला मजकूर मीं वर्गाला इतक्या वेळां सांगितला आहे कीं, ती उघडण्याचीहि मला गरज भासत नाहीं. सूर्यापासून सर्व दिशांनीं अखंड वाहणाऱ्या विद्युद्भारित कणांच्या वाऱ्याविषयीं तींत एक वाक्य आहे : 'सौरवाऱ्यांत हायड्रोजनच्या दर शंभर अणुगर्भांमागें हीलियमचे सुमारें चार असतात.' वाक्य सुटसुटीत, परीक्षेंत विचारण्याजोगें. मुलें तें बिनचूक पाठ करीत आणि मी पुरे गुण देत असें.

२००९ च्या फेब्रुवारींतली गोष्ट. हें वाक्य सांगून होतें न होतें तोंच मागल्या बाकावरच्या एका मुलानें हात वर केला. "सर, हा आंकडा कोणत्या सालचा ?"

मीं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलें आणि म्हटलें, "सूर्य म्हणजे काय नगरपालिकेचें अंदाजपत्रक आहे, दरसाल बदलायला ?"

वर्ग खो खो हसला. मुलगा खालीं बसला. त्या वर्षांत त्यानें पुन्हां प्रश्न विचारल्याचें मला आठवत नाहीं. वर्गाचा हंशा किती गोड लागतो, हें प्राध्यापकाखेरीज कोणाला कळावयाचें नाहीं. मी त्या दिवशीं मोठ्या खुशींत घरीं गेलों.

गंमत अशी कीं, दुसऱ्यांच्या सालांच्या चुका काढण्याची मला भारी हौस. हीलियम विजयदुर्गच्या किल्ल्यावर १८६८ सालीं सांपडला, असें कोंकणांत अभिमानानें सांगतात. तसें कोणी म्हणालें कीं मीं बोट वर केलेंच ! १८६८ च्या १८ ऑगस्टचें ग्रहण जान्सेननें गुंटूरहून पाहिलें; लॉकियर तेव्हां इंग्लंडांत होता; विजयदुर्गाला तो आला तो १८९८ च्या २२ जानेवारीच्या ग्रहणासाठीं. लोकांना मी असा सालाचा जाब विचारीत होतों, आणि माझ्या स्वतःच्या आंकड्याला सालच नव्हतें.

पुढें कांहीं वर्षांनीं एका व्याख्यानाच्या तयारींत १९९४ सालीं सोडलेल्या 'विंड' या यानाचीं मोजमापें माझ्या पाहण्यांत आलीं. आलेखावर एक रेषा सौरडागांची, दुसरी हीलियमची. अकरा वर्षांच्या फेऱ्यांत डाग वाढले कीं थोड्या अवधीनें हीलियमहि चढे, आणि डाग ओसरले कीं तोहि उतरे. प्रभामंडळांतील विवरांतून निघणाऱ्या वेगवान वाऱ्यांत हें प्रमाण चार-पांचाच्या आसपास टिकून असतें. पण मंद वाऱ्यांत तें डागांच्या भराच्या दिवसांत चार-पांच, तर ओहोटींत एक-दोनावर येतें. २००९ साल कोठें आहे म्हणून मीं बोट ठेवून पाहिलें. तें अगदीं तळाशीं होतें. त्या वर्षीं दोनशेंहून अधिक दिवस सूर्यावर एकहि डाग दिसला नव्हता. हा शोध नवा असता तर मला तोंड लपवायला थोडी जागा राहिली असती. परंतु ओगिल्व्ही आणि हिर्शबर्ग यांनीं ही गोष्ट १९७४ सालींच प्रसिद्ध केलेली होती!

असें कां व्हावें ? सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावर शंभरामागें साडेआठांच्या सुमारास हीलियम आहे. म्हणजे भरांतल्या सालींहि निम्म्याच्या आसपास मागेंच राहतो. तो हायड्रोजनच्या चौपट जड. त्याला वर न्यावयाचें तें हायड्रोजनच्या रेटारेटीनेंच, असा एक तर्क आहे. मुंबईच्या स्टेशनांत गर्दीचा लोंढा असला म्हणजे ट्रंक घेतलेला प्रवासीहि नकळत फाटकापर्यंत पोंचतो. गर्दी विरळ झाली कीं तो ट्रंकेवरच बसून राहतो. तसेंच कांहींसें हें. उलट सूर्यावर मोठा उद्रेक झाला, तर बाहेर फेंकलेल्या द्रव्यांत शंभरामागें वीस हीलियमहि कधीं कधीं आढळतात. लोह, मॅग्नेशियम, सिलिकॉन यांची तऱ्हा आणखी निराळी. ज्यांचा पहिला इलेक्ट्रॉन सहज सुटतो तीं हीं मूलद्रव्यें मंद वाऱ्यांत पृष्ठभागाच्या मानानें तिपटी-चौपटीनें अधिक भरतात, वेगवान वाऱ्यांत तितकीं नाहीं.

मला सर्वांत लाजविलें तें मात्र एका अॅल्युमिनियमच्या पत्र्यानें. १९६९ च्या जुलैंत चंद्रावर उतरलेल्या मंडळींनीं अमेरिकेचें निशाण रोवण्यापूर्वींच हा कागदासारखा पातळ पत्रा सूर्याकडे तोंड करून उभा केला. बर्न विद्यापीठाच्या योहानेस गाइसची ती योजना. सत्त्याहत्तर मिनिटें तो तेथें वारा खात उभा राहिला. मग गुंडाळून पृथ्वीवर आणला आणि त्यांत रुतलेले हीलियम, निऑन, आर्गॉन यांचे अणु मोजले. एवढा पराक्रम झाल्यावर माझ्यासारख्यानें तो आंकडा वहींत उतरून वही मिटली असती. गाइसनें पुढच्या चार मोहिमांबरोबर पुन्हां पत्रे पाठविले. हीलियमचा ओघ प्रत्येक वेळीं निरनिराळा भरला.

२०२३ च्या २ सप्टेंबरला आपलें 'आदित्य' यान निघालें. त्यावर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचें एक उपकरण आहे. तें हायड्रोजन आणि हीलियम यांचे गर्भ वेगवेगळे ओळखतें. तें वाचल्यावर मीं वही काढून 'सुमारें चार' खोडलें आणि समासांत साल लिहिण्यासाठीं जागा सोडली.

तो मुलगा पुढें बँकेंत लागला. मध्यंतरीं एका लग्नांत भेटला, तेव्हां मीं आपण होऊन तो विषय काढला. "अंदाजपत्रकाचा विनोद आठवतो, सर," तो हसून म्हणाला, "पण मीं विचारलें काय होतें ?"

मीं सांगितलें. ताटावर बसल्या बसल्या त्यानें क्षणभर विचार केला.

"मग त्या सालीं किती होतें, सर ?"

"मंद वाऱ्यांत दोनाहूनहि कमी," मीं म्हटलें.