नव्या राजवाड्यातली हरणं

पौषातल्या पहाटे महादेवपुरा तलावाकाठी फिरताना मला हटकून कोल्हापूर आठवतं. मेजर मँटनं आखलेला, 1884 साली पूर्ण झालेला तिथला नवा राजवाडा. थंडीत त्याच्या आवारात हरणं कोवळं ऊन अंगावर घेत उभी असतात. रवंथ चालू, पण कान सतत टवकारलेले. त्या कानांकडे मी कितीही वेळ बघत राहीन. याच कोल्हापूर संस्थानात पूर्वी काळविटांमागे शिकवलेले चित्ते सोडत, देशातले दुर्मीळ झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवत. त्या शिकारीच्या थाटाचं कौतुक मला कधीच वाटलं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं काळवीट मारणं गुन्हा ठरलं, हे फार चांगलं झालं. नव्या राजवाड्याकडे गेलात तर कुंपणापाशी शांत उभे राहा. हरणांना खायला काही टाकू नका.