वर्गात कोण बोलते?

शाळेच्या इमारतीत दिवसभर आवाज असतो. घंटेचा, प्रार्थनेचा, पाढ्यांचा, मधल्या सुट्टीतल्या गलक्याचा. पण तास चालू असताना व्हरांड्यातून चालत जावे आणि कान द्यावा, तर बहुतेक वर्गांतून एकच आवाज ऐकू येतो, आणि तो शिक्षकांचा असतो. मुले बोलतात ती एका शब्दात, नाहीतर सगळी मिळून एका सुरात, "होऽऽ सर!" मुख्याध्यापकाला अशी फेरी रोजच मारावी लागते. त्या फेऱ्यांत एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, ती मुले या खटाटोपात बोलतात किती? आणि बोललीच, तर ऐकतो कोण?

प्रश्न नवा नाही. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे तिथल्या छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले आणि तिथल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने 'छात्रालय दैनिक' लिहून काढू लागले. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. म्हणजे त्यांची शिक्षकी उणीपुरी सहा वर्षांची. तरी ती अजून आठवली जाते, ती त्यांनी किती धडे पुरे केले म्हणून नव्हे, तर मुलांशी त्यांनी जे नाते जोडले त्यासाठी. तिकडे भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर उघडले. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी तेच व्रत पुढे बोर्डी आणि कोसबाडला नेले. मूल हे आधी माणूस आहे आणि मग विद्यार्थी, ही या मंडळींच्या कामामागची साधी श्रद्धा होती.

आमच्या सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. इथले मूल शाळेत मराठी वाचते, बाजारात कन्नड बोलते, घरी दोन्हींची सरमिसळ करते, आणि वर पुन्हा इंग्रजीचे ओझे असतेच. पाठ्यपुस्तकात 'येतो असे सांगितले' असते, आमचा पोरगा 'येतो म्हणून सांगितला' म्हणतो. तो गबाळेपणा नव्हे. कन्नडमधला 'अंत' पिढ्यान् पिढ्या आमच्या मराठीत असा नांदत आला आहे. पण पहिल्याच वाक्याला त्या पोराला अडवून दुरुस्त केले, की दुसरे वाक्य तो बोलतच नाही. भाषा सुधारायची असते, नाही असे नाही. पण म्हणणे पुरे झाल्यावर.

काही वर्षांपूर्वी आमच्या आठवीत वडगावच्या विणकर वस्तीतली एक मुलगी होती. आई बैलहोंगलकडची, त्यामुळे घरात कन्नडच अधिक. वर्गात तिचा आवाज फक्त हजेरीला ऐकू यायचा. 'गणितात कच्ची' हा शेरा शिक्षकांच्या खोलीत जणू कायमचा होऊन गेला होता. गणिताच्या बाई नव्याने रुजू झालेल्या. एका रविवारी त्या तिच्या घरी गेल्या. माग चालू होता, मुलगी कांड्या भरत बसली होती. बाईंनी सहज विचारले, "मजुरीचा हिशेब कोण ठेवतं?" आईने मुलीकडे बोट दाखवले. आठवड्यात किती साड्या उतरल्या, मजुरी किती झाली, उचलीपोटी किती वळते झाले, बाकी काय राहिले, सारे तिच्या तोंडावर होते. मात्र कन्नडमध्ये.

दुसऱ्या दिवशी शेकडेवारीच्या तासाला बाईंनी फळ्यावर मजुरी आणि उचल यांचे उदाहरण घातले आणि तिला उभे केले. "तुझ्या शब्दांत सांग. कन्नडमध्ये आलं तरी चालेल." ती बराच वेळ नुसती उभी राहिली. वर्ग चुळबुळला, पण बाई थांबल्या. मग उत्तराला सुरुवात झाली ती कन्नडमध्ये. मध्यावर ते मराठीत आले आणि शेवटी बरोबर निघाले. ही मुलगी पुढे शाळेत पहिली वगैरे आली नाही. दहावी मात्र नीट पास झाली. त्यानंतर तिला मागावर बसवायचे घरी जवळजवळ ठरलेच होते. "मी कॉलेजला जातो" म्हणून तिने वडिलांना स्वतःच्या तोंडाने सांगितले, तेव्हा बाई तिच्या शेजारी बसल्या होत्या. बोलली ती एकटीच. ती कॉमर्सला गेली.

बाईंचे ते थांबणे किरकोळ नव्हते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून हिशेब मांडला होता. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर उत्तरे लांबतात, 'माहीत नाही' म्हणणे कमी होते आणि एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागतात. आमच्या मुलाला तर एका भाषेत ऐकलेला प्रश्न मनातल्या मनात दुसरीत उलगडून पाहावा लागतो. त्याला ते दोन सेकंद उसने द्यायला काय हरकत आहे?

शाळेत मंत्रिमंडळाच्या निवडणुका पूर्वीपासून होत होत्या. निवडून आलेले 'मंत्री' प्रार्थनेच्या वेळी रांगा सरळ करीत, एवढाच त्यांचा कारभार. आम्ही त्याला एक जोड दिली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी प्रत्येक वर्गाने अर्धा तास बसायचे आणि काय अडते ते लिहून द्यायचे. सोमवारी प्रार्थनेनंतर मी ते वाचून दाखवायचे आणि प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायचे. पहिल्याच खेपेला दहावीचा वर्ग बोलला. जादा तास संध्याकाळी असल्याने खानापूरकडच्या मुलांची बस चुकते, आणि पुढची गाडी मिळून घरी पोचेपर्यंत रात्र होते. मुली जादा तासाला का थांबत नाहीत याचे उत्तर आम्ही शिक्षक मंडळी अभ्यासाच्या आवडीत शोधत होतो. ते बसच्या वेळापत्रकात होते. तास सकाळी घेतला आणि बाके भरली. शनिवारची कवायत बंद करा, अशीही एक मागणी जोरात आली होती. ती मान्य झाली नाही. का नाही ते मात्र सर्वांसमोर सांगितले. मुलांनी थोडी कुरकुर केली आणि कवायतीला उभी राहिली. सगळे मिळावे अशी मुलांची अपेक्षा नसतेच. कागद वाचला गेला की नाही, एवढे त्यांना कळायला हवे असते.

एक पालक एकदा ऑफिसात येऊन म्हणाले, "मुलांना विचारून शाळा चालवायची काय हो सर? उद्या मास्तरच नको म्हणतील की!" प्रश्न प्रामाणिक होता. मुलांना विचारल्याने शिक्षकाचा अधिकार कमी होत नाही, त्याचे काम वाढते. विचारले की ऐकावे लागते, ऐकले की उत्तर द्यावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेत बारावे कलम आहे: स्वतःशी संबंधित बाबींत मुलाला आपले मत मांडता यावे आणि वयाप्रमाणे त्याला वजन मिळावे. भारताने ही संहिता १९९२ साली स्वीकारली. आमच्या कर्नाटकात 'मक्कळ ग्रामसभा' भरतात, त्यात मुले गावकारभाऱ्यांपुढे रस्ता, पाणी, स्वच्छतागृह यांविषयी प्रश्न मांडतात. गावच्या सभेत जे चालते, ते वर्गात चालू नये असे म्हणता येणार नाही.

आज मराठी शाळांचा पट घटतो आहे, आणि त्याची चर्चा प्रत्येक संमेलनात होते. इमारत, निकाल, इंग्रजी यांचा विचार झालाच पाहिजे. पण मूल शाळेत टिकते ते कोणीतरी आपल्याला नावाने ओळखते, आपले म्हणणे कोणाच्या तरी कानी जाते, या भरवशावर. आणि आपण सीमाभागातली माणसे! १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासून इथल्या घराघरांत एक तक्रार वडिलांकडून मुलांकडे येत राहिली आहे: आमचे कोणी ऐकत नाही. न ऐकले जाणे म्हणजे काय, हे ज्यांना इतके ठाऊक आहे, त्यांच्या शाळांतून तरी कोणतेही मूल बोलायचे राहून जाता कामा नये.