सदाशिव पेठेतील रोजमेळ

पुण्याच्या जुन्या पेठांपैकी सात पेठांना वारांची नावे आहेत. सदाशिव पेठेला मात्र सदाशिवरावभाऊंचे नाव लाभले. लक्ष्मी रस्त्याच्या दक्षिणेस पसरलेली ही पेठ एके काळी वाड्यांची होती. आज ती परीक्षार्थींची आहे. वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींच्या जिन्यांवर ‘कॉट बेसिसवर जागा’, ‘अभ्यासिका’, ‘घरगुती डबा’ अशा पाट्या दाटीवाटीने लटकलेल्या दिसतात. लातूर, बार्शी, बारामती, येवला अशा बाजारपेठांच्या गावांतून मुले-मुली येथे येतात. कोणी स्पर्धा परीक्षेसाठी, कोणी सी.ए.च्या आर्टिकलशिपसाठी, कोणी पहिल्यावहिल्या नोकरीसाठी. त्यांत व्यापारी घरांतील मुलेही पुष्कळ असतात. अशा मुलांना पैशाची जाण उपजतच असते, असा एक समज आहे. सदाशिव पेठ हा समज पहिल्या तीन महिन्यांतच तपासून पाहते.

दुकानात वाढलेल्या मुलास मालाचा खरेदीभाव ठाऊक असतो, गिऱ्हाइकाची पत ठाऊक असते, कोणाची उधारी किती दिवस थकली आहे हेही ठाऊक असते. परंतु स्वतःच्या महिन्याच्या खर्चाचा आकडा त्याला विचारला तर तो गोंधळतो. गल्ल्यातून पन्नास रुपये उचलले की ते घरखर्चात पडत; त्याच्या नावे ते कधी लिहिलेच गेले नाहीत. दप्तरात शेंगदाण्याच्या पोत्याचा हिशेब होता, मुलाचा नव्हता. लाडाचीच ही गोष्ट खरी, पण ती मुलाला महाग पडते.

पेठेत आल्यावर पहिला हिशेब चुकतो तो अनामतीचा. कॉटचे भाडे देताना मालक दोन-तीन महिन्यांची रक्कम अनामत म्हणून मागतो. मुलगा ती खर्चात लिहितो आणि जागा सोडताना परत मिळाली की मिळकत समजून मित्रांना खाऊ घालतो. जुन्या मुनिमाने असे कधी केले नसते. अनामत हा खर्च नव्हे आणि मिळकतही नव्हे. ते येणे आहे, आणि येण्याच्या खात्यावरच ते राहिले पाहिजे. वर्षातून एकदाच येणारे खर्चही असेच फसवतात. परीक्षेचे शुल्क, पुस्तके, चष्मा, दिवाळीला घरी जाण्याचे भाडे, यांसाठी वर्षाला बारा हजार लागतील असे धरले, तर दरमहा एक हजार आधीच त्यांच्या नावे गेलेले असतात. ज्या महिन्यात हे खर्च येत नाहीत, तो महिना स्वस्त गेला असे वाटते. वस्तुतः तो स्वस्त नसतो. (मुलींना एवढे एक सुख आहे की २०२३ च्या मार्चपासून एस.टी.त त्यांना अर्धेच भाडे पडते.)

जेवणाचा प्रश्न अधिक नाजूक. पेठेतील खानावळी रात्रीच्या जेवणाला दिवेलागणीनंतर उघडतात, आणि त्यांच्या स्वस्त भाज्यांत कांदा-बटाट्याला चुकवणे कठीण. चौविहार पाळणाऱ्या मुलास सूर्यास्तापूर्वी पोहोचणारा वेगळा डबा लावावा लागतो, आणि तो सहसा थोडा महाग असतो. हा फरक पहिल्याच दिवशी खर्चाच्या वहीत स्पष्ट लिहिलेला बरा. नियम मनापासून पाळायचा आणि त्याचा खर्च मात्र ‘इतर’ या सदरात लपवायचा, यात ना नियमाचा मान राहतो, ना वहीचा.

मोठे खर्च मात्र सहसा कोणाला बुडवत नाहीत. ते डोळ्यांसमोर असतात. बुडवतात ते टिळक रस्त्याच्या कोपऱ्यावरचे चहा. वीस रुपयांचे दोन चहा रोज धरले, तर महिन्याला बाराशे रुपये होतात. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि पैसा हाताला लागेनासा झाला. पूर्वी पाकिटातील नोटा कमी होताना दिसत. आता फोन एक आवाज करतो आणि गप्प होतो. यावर पेठेतील काही मुलींनी शोधलेला उपाय साधा आहे. दोन खाती ठेवायची. भाडे, डबा आणि शिल्लक यांचे पैसे एका खात्यात. फोनला जोडलेल्या दुसऱ्या खात्यात दर सोमवारी आठवड्याची ठरलेली रक्कम. शुक्रवारीच ते खाते रिकामे झाले, तर शनिवार-रविवार अभ्यासिकेत चांगला जातो.

सदाशिव पेठेतून पायी निघाले की वीस-पंचवीस मिनिटांत रविवार पेठ येते. वाटेत मंडई लागते. १८८६ मध्ये उभारलेली ही अष्टकोनी वास्तू आधी लॉर्ड रे यांच्या नावाने ओळखली जाई, पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. पलीकडे रविवार पेठ, बोहरी आळी; येथे आले की व्यापाऱ्याच्या मुलाला घरी आल्यासारखे वाटते. ठोक भावात साबण, वह्या, सुकामेवा. खोलीतील तिघांनी मिळून डझनाने साबण घ्यावा, वाटून घ्यावा, हे ठीकच. पण ठोक भाव हा स्वतःच एक मोह आहे. स्वस्त मिळाले म्हणून दोन किलो बदाम घेतले आणि ते पंधरा दिवसांत संपले, तर वाचले काय? पुस्तकांच्या बाबतीत अप्पा बळवंत चौक अधिक प्रामाणिक म्हणायचा. तेथे जुने पुस्तक घ्यावे, परीक्षा झाली की परत विकावे. मधला फरक तेवढा खर्च.

उधारीबाबत व्यापारी घरातील मुले विशेष गाफील असतात. बाजारात उधारी म्हणजे नाते. महिनाभराने दिले तरी व्याज नाही, अडचण सांगितली तर आठ दिवस आणखी मिळतात. फोनवरील ‘नंतर द्या’ या सोयीला मात्र अडचण सांगता येत नाही. क्रेडिट कार्डावर किमान रक्कम भरली की काम झाले असे वाटते, परंतु उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहते, आणि ते बाजारातील कोणत्याही सावकारी व्याजाच्या पंक्तीला बसेल असे असते. दोन्हींना एकच ‘उधारी’ हा शब्द लावल्याने घोटाळा होतो.

आणि मग रात्री घरचा फोन येतो. “पैसे पुरतात ना रे?” “हो पप्पा, पुरतात.” दोघेही अर्धे खरे बोलत असतात. पावसाने ओढ दिली, गावची गिऱ्हाइकी बसली, व्यापाऱ्याचे पैसे अडकले, हे वडील मुलाला सांगत नाहीत. त्याच्या अभ्यासात विघ्न नको म्हणून. महिनाअखेरीस आपण मित्राकडून उसने घेतले, हे मुलगा सांगत नाही. दुकानाच्या वारसाला हिशेब जमत नाही असे दिसायला नको म्हणून. अशी कुटुंबे वर्षभर एकमेकांची काळजी घेतात आणि एकमेकांपासून आकडे लपवतात. ज्या घरांनी यातून वाट काढली, त्यांनी फार मोठे काही केले नाही. मागेल तेव्हा पैसे पाठवणे बंद केले. एक रक्कम आणि एक तारीख ठरवली. महिन्यातून एकदा मुलगा वहीचे पान पाठवतो, आणि वडीलही दुकानाची स्थिती दोन ओळींत कळवतात. दुसरा भाग पहिल्यापेक्षा कठीण आहे, आणि तो बहुधा आईमुळेच सुरू होतो.

ही वही म्हणजे आजोबांचा रोजमेळच. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, खाली श्री शिल्लक. वहीतील शिल्लक आणि हातातील रक्कम जुळेपर्यंत मुनीम घरी जात नसे. येथे वहीऐवजी फोन चालतो. जुळवणे मात्र तेच, झोपण्यापूर्वी पाच मिनिटांचे.

शिल्लक उरली तर ठेवायची कोठे, हा शेवटचा प्रश्न. गावच्या पतसंस्थेत ओळखीचे संचालक असतात आणि व्याजही थोडे जास्त मिळते. पण बँकेतील ठेवींना पाच लाख रुपयांपर्यंत जे विमा संरक्षण असते, ते पतसंस्थेतील ठेवींना नसते. पहिल्या कमाईचे पैसे ओळखीवर ठेवू नयेत. लक्ष्मी रस्त्यावर सिटी पोस्ट आहे. तेथे आवर्ती ठेव महिना शंभर रुपयांपासून उघडता येते, मुदत पाच वर्षे. पाचशेचा हप्ता धरला, तर साठ हप्त्यांत मुद्दलच तीस हजार होते, व्याज वेगळे. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड. खाते महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत उघडले, तर पुढील प्रत्येक हप्ता पंधरा तारखेच्या आत भरावा लागतो. नंतर उघडले, तर महिनाअखेरपर्यंत मुभा मिळते. विद्यावेतन पहिल्या आठवड्यात हाती येणाऱ्या मुलाने पहिल्या पंधरवड्यातच खाते उघडावे. महिनाअखेरीची मुभा सदाशिव पेठेत आजवर फारशी कोणाच्या कामी आलेली नाही.