निळा पंप

औषधाच्या दुकानात त्याचं खरं नाव कुणी घेत नाही. 'तो निळा पंप द्या' एवढ्यावर भागतं. धातूची बोटभर डबी, तिच्यावर प्लास्टिकचा वाकडा अंगरखा, तोंडाला टोपण. दाबला की फुस्स. याहून जास्त त्याला बोलता येत नाही. पण रात्री दोनला पोराच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायला लागली की घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांपेक्षा त्याचंच फुस्स कामाला येतं. आवळलेल्या श्वासनळ्या काही मिनिटांत सैलावतात आणि पोरगं पाणी मागतं.

तरी घरात त्याला मान नाही. पाहुणे आले की तो कपाटात, साड्यांच्या घडीखाली. मुलगी लग्नाची झाली तर विचारूच नका. 'एकदा पंप घेतला की सवय लागते' हे शेजारच्या काकूंपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ. त्यापेक्षा गोळी बरी, सिरप बरं. नाहीतर मृगाला दम्यावर गिळायची हैदराबादची मासोळी आहेच. गोळीचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. पंपाच्या एका फवाऱ्यात औषध 100 मायक्रोग्रॅम. तेच औषध गोळीत 2 किंवा 4 मिलिग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीस पट. शिवाय पोटातून रक्तात, रक्तातून अंगभर हिंडून मग छातीत. हात थरथरतात ते उगाच नाही.

पंपाचा जन्म अमेरिकेतला. दमेकरी लेकीने बापाला विचारलं म्हणे, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखं माझं औषध डब्यात का नाही मिळत? बाप, जॉर्ज मेसन, औषध कंपनीचा प्रमुख होता. 1956 साली असा पहिला पंप बाजारात आला. तेव्हा लेक जेवढी होती, बरोबर त्याच वयाच्या मुलांना पुढे जगभर विचारलं गेलं: गेल्या बारा महिन्यांत छातीत घरघर झाली का? 56 देशांतल्या 13-14 वर्षांच्या साडेचार लाखांहून जास्त मुलांची उत्तरं 1998 साली छापून आली. त्यांत अकोल्याची होती, पुण्याचीही. ब्रिटन-ऑस्ट्रेलिया वरच्या टोकाला, आपण खालच्या. त्यात हुरळण्यासारखं काही नाही. आपल्याकडे मुलंच एवढी, की थोड्या टक्क्यांतही गावंच्या गावं भरतील. त्यातल्या कित्येकांची त्याच ॲलर्जीपायी लहानपणी कोपराच्या खळगीत कातडी खाजलेली असते, आणि सकाळच्या शिंका अजून चालूच असतात.

आता पंपाचे दोष. एक, घाई. दाबणं आणि श्वास ओढणं जुळलं नाही तर बहुतेक औषध जिभेवर. म्हणून लहान मुलांना मधे स्पेसर लागतो. तो परवडत नसेल तर पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली नीट भोक पाडून, बसवून तेवढंच काम देते, हे केप टाउनच्या डॉक्टरांनी 1999 साली दाखवून दिलं.

दोन, श्रेय लाटणं. निळा फक्त आवळलेल्या नळ्या सोडवतो. आतली सूज त्याच्या हाताबाहेरची. ती उतरवतो त्याचा थोरला भाऊ, कुठे तपकिरी, कुठे नारिंगी पंप, रोज सकाळ-संध्याकाळ, काहीही न दाखवता. त्याने लगेच बरं वाटत नाही, म्हणून दिवाळीत पोरगं ठणठणीत दिसलं की पहिली सुट्टी त्याला मिळते. बारा वर्षांपुढच्या मुलांना नुसत्या निळ्यावर ठेवू नका, असं दम्याच्या जागतिक मार्गदर्शनात 2019 पासून लिहिलेलं आहे. निळ्याला त्याचं काय! हाक मारली की तो येतोच.

तिसरा दोष मला सगळ्यात वाईट वाटतो: तो खोटं बोलतो. डबीत मोजून 200 फवारे असतात. ते संपले तरी आतला वायू उरतो, आणि दाबलं की तोच आवाज, तीच वाफ. मोजणारा आकडा नसलेली डबी किती घरांत अशी रिकामी पडून असेल, आणि तिच्यावर भिस्त ठेवून दहावीचं पोरगं मैदानावर जात असेल.