ईदीची पिशवी

2025 चा रमजान मार्चमध्ये आला. शाळा सकाळच्या होत्या. जोहरची नमाज झाली की असरपर्यंतचा वेळ मुलांना खायला उठायचा. माझी नात दुसरीत, शेजारचा मुलगा चौथीत. दोघं दारात येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "नानी, काहीतरी कर ना!" एके दिवशी मी ट्रंकेतल्या सुया बाहेर काढल्या. म्हटलं, ईदपर्यंत आपापली ईदी ठेवायला पिशवी विणायची.

मुलांना विणकाम शिकवायचं तर लोकर जाड आणि फिक्या रंगाची घ्यावी. गडद लोकरीत टाके दिसत नाहीत. सुया 8 नंबरच्या, शक्यतो लाकडी किंवा बांबूच्या. धातूच्या सुईवरून टाके भराभर निसटतात. पहिले 20 टाके मीच घालून दिले. उलट टाका शिकवलाच नाही. सगळ्या ओळी सुलट. आत घाल, गुंडाळ, बाहेर ओढ, सोड. एवढे चार शब्द दोघं पाढ्यासारखे घोकत बसायची.

पहिल्या दिवशी दोघांनी धागा इतका ताणला की सुई आत जाईना. दुसऱ्या दिवशी 20 टाक्यांचे 23 झाले. ओळीच्या सुरुवातीला धागा सुईवरून मागे ओढला गेला की एकाच टाक्याचे दोन दिसतात, आणि मूल दोन्ही विणून मोकळं होतं. मग नियम केला, दर ओळीला टाके मोजायचे. सगळ्या ओळी सुलट विणल्या की दोन ओळींची एक उठावाची रेघ दिसते. जितके टाके तितक्या रेघा झाल्या की चौकोन होतो. आम्हाला 40 रेघांची पट्टी हवी होती. मधोमध दुमडून दोन्ही कडा शिवल्या की पिशवी तयार.

मुलाची आई एकदा हसत म्हणाली, "आपा, पोराच्या हातात सुया दिल्या? हे तर पोरींचं काम." मी म्हटलं, "मालेगावात, भिवंडीत मागावर कोण बसतं गं? संत कबीरही जुलाह्याच्याच घरात वाढले." तिला पटलं की नाही कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी पोरगा वेळेवर आला.

विसाव्या रोज्याच्या सुमारास त्याच्या 24 रेघा झाल्या होत्या. हाताने चाचपताना त्याला खाली एक भोक लागलं. टाका गळून चांगल्या दहा रेघा झाल्या होत्या. मी म्हणाले, "राहू दे, मागून दोरा घालून देते. कुणाला दिसणार नाही." तो म्हणाला, "मला दिसंल ना." आणि त्याने स्वतःच सुई काढून धागा ओढायला सुरुवात केली. मी गप्प बसले, कारण मला अम्मी आठवली.

आमच्या लहानपणी साताऱ्याच्या थंडीत अम्मी जुने स्वेटर उसवायची. लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड करायची, धुवायची आणि वळ्या जाव्यात म्हणून ओली लड वजन बांधून वाळत घालायची. एखादं विणकाम चुकून उसवावं लागलं की म्हणायची, "उधड्या तो क्या हुआ, ऊन तो अपनाच हाय." शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं, पण तिचा टाक्यांचा हिशोब कधी चुकला नाही.

मी सहावीत असताना तिने मला असाच एक स्वेटर विणला. अंग हिरवं, बाह्या तपकिरी. हिरवी लोकर पुरली नव्हती. वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "दोन स्वेटर जोडलेत का गं?" त्याच आठवड्यात खालाच्या गावाहून येताना मी तो एसटीत सीटखाली सारला आणि उतरले. घरी सांगितलं, विसरला. अम्मी दुसऱ्या दिवशी दोनदा डेपोत जाऊन विचारून आली. त्या हिवाळ्यात तिने आपली शाल मला दिली. तिला मी खरं कधीच सांगितलं नाही. आता सांगायला ती नाही.

पोराचा हिशोब 30 रोज्यांचा होता. पण चाँद 29 व्यालाच, रविवारी दिसला. फटाके वाजले आणि तो पट्टी घेऊन रडवेला होऊन धावत आला. 30 रेघाच झाल्या होत्या. मी म्हणाले, "आहे तिथेच टाके बंद कर." टाके बंद करायला तो त्याच रात्री शिकला. शीरखुर्म्याचा सुकामेवा चिरता चिरता मी त्याच्याकडून कडा शिववून घेतल्या.

ईदच्या सकाळी नमाजहून थेट माझ्याकडे आला. गळ्यात पिशवी, रुंदीला जास्त, उंचीला कमी. नातीच्या पिशवीला तर 22 टाके होते, एका बाजूने तिरकी. मी दोघांच्या पिशवीत 50-50 रुपये घातले. तो म्हणाला, "नानी, छोटी झाली. पण भोक नाही."

त्या दुपारी पाहुणे गेल्यावर मी नातीला त्या स्वेटरची गोष्ट सांगितली. आजवर कुणालाच सांगितली नव्हती. तिने सगळी ऐकली आणि विचारलं, "मग थंडीत तुझ्या अम्मीनं काय पांघरलं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता.